शेजारची चूल

आमच्या ट्रस्टच्या कॉम्प्युटर खोलीत चपला बाहेर काढून येणारा माणूस एकच होता. बाकी सगळे, अगदी सेक्रेटरीसुद्धा, चिखलाच्या पायांनी थेट आत यायचे. हे मात्र उंबऱ्याशी चपला काढायचे, आत येऊन तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा सर्व्हरवर पालथा हात ठेवायचे, आणि "हं" म्हणून मगच खुर्चीत बसायचे. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, "हे काय देवघर आहे का?"

"देवघर न्हाय गो. सैपाकघर," ते म्हणाले.

मला वाटलं, माणूस जरा सुटलेला आहे. पुढे बरीच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, तेव्हा कळलं की मुळीच सुटलेला नव्हता, उलट फारच घट्ट बांधलेला होता.

त्यांना सगळे मुकादम म्हणायचे. त्यांचे वडील उरणच्या एका मिठागरात मुकादम होते. ते मिठागर कधीच भराव टाकून बुजवलं आणि आता तिथं कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात. मीठ गेलं, वडील गेले, मुलगा कॉम्प्युटर शिकला, पण हाक तीच राहिली. रविवारी ते त्या कंटेनर यार्डाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणत, "बांध कुठून कुठं होता त्ये आठवतो. इसरलो तर इचारनार कुनाला?"

आमच्या ट्रस्टच्या तीन संस्था. एक शाळा, एक छोटा दवाखाना म्हणजे बाळंतपणं होतील एवढं रुग्णालय, आणि मच्छीमारांसाठी बर्फाचा कारखाना. या तिघांचं मिळून एक सर्व्हर, आणि त्या सर्व्हरचे मुकादम हे. एका सर्व्हरवर तिन्ही संस्थांचे डेटाबेस वेगवेगळ्या इन्स्टन्समध्ये, म्हणजे प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र ठेवून, चालवायचे, की सगळ्यांना मिळून एकच डेटाबेस करायचा, या प्रश्नावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी इतर गावांत सरपंचपदावरूनही होत नसतील.

इन्स्टन्स हा शब्द त्यांना येत होता. जाड जाड इंग्रजी मॅन्युअलं ते पेन्सिलीने खुणा करून वाचायचे. पण बोलताना ते चूल म्हणायचे. "घर येक, चुली तीन." शाळेची चूल, दवाखान्याची चूल आणि बर्फाची चूल. बर्फाच्या चुलीला नवा माणूस हमखास हसायचा. ते हसत नसत. प्रत्येक चुलीचं जळण वेगळं, म्हणजे मेमरी ज्याची त्याला वाटून दिलेली. प्रत्येकीची चावी, म्हणजे पासवर्ड, वेगळी. आणि रोज संध्याकाळी घ्यायचा बॅकअप म्हणजे राखेत झाकून ठेवलेला निखारा. सकाळी चूल विझलेली दिसली तर फुंकर घालायला काहीतरी हवं ना, असं ते म्हणायचे.

हा वेगळेपणाचा सोस त्यांच्या अंगात भिनलेला होता. घराची, कपाटाची, खोलीची किल्ली त्यांनी कधी एका जुडग्यात घातली नाही. शर्टाच्या खिशात एक, पॅन्टच्या खिशात एक, एक कमरेच्या करगोट्याला. जेवताना भातावर कधी कालवण ओतलं नाही. भाताचा घास वेगळा, कालवणाचा भुरका वेगळा. "पोटात जाऊन एकत्रच होणार आहे," असं मी चिडवायचे, तर म्हणायचे, "व्हऊ दे की. तितं त्यांचं ती बघतील."

ही शिस्त मोडायची मुभा जगात एकाच व्यक्तीला होती. त्यांची बायको आमच्याच शाळेत शिकवायची. आख्खं गाव तिला बाई म्हणायचं, आणि नवऱ्याच्या तोंडीही बाईच बसलं होतं. त्या त्यांना मुकादम म्हणायच्या. संस्थेच्या वार्षिक जेवणात बाई पंगतीत वाढत वाढत आल्या आणि त्यांनी मुकादमांच्या पांढऱ्याशुभ्र भाताच्या ढिगावर पळीभर आमटी ओतली. पंगत श्वास रोखून बघत राहिली. मुकादमांनी मान खाली घालून सगळा भात कालवला आणि खाल्ला. बाई पुढच्या पानाकडे गेल्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. एकमेकांची थट्टा करण्यातच त्यांचा संसार भरलेला होता, असं मला बघताना वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, जरा हेवाही वाटायचा.

बाईंचं नाव झालं होतं ते त्यांच्या शेऱ्यांमुळे. प्रगतिपुस्तकं कॉम्प्युटरवर आली तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी 'समाधानकारक', 'प्रयत्नशील' असे पाच-सहा शब्द ठरवून टाकले आणि मुलांच्या नावापुढं आळीपाळीने चिकटवले. बाई प्रत्येक मुलासाठी बसून लिहायच्या. एका कोळ्याच्या मुलापुढं लिहिलं होतं, 'गणितात मन नाही. भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ आहेत. त्यावरून शिकवावं.' एका मुलीसाठी, 'खोटं बोलते, पण इतकं सुंदर की निबंधाला पूर्ण गुण दिले.' एकासाठी, 'वडील ट्रेलरवर असतात. सभेला आईला बोलवावं, वडिलांची वाट पाहू नये.' आणि बहुतेक शेऱ्यांच्या शेवटी पुढच्या वर्गशिक्षिकेला निरोप असायचा. 'पुढच्या बाईंनी याला पहिल्या बाकावर बसवू नये, मागं बसून जास्त शिकतो.' आयाबाया ती पुस्तकं देवाच्या फोटोमागं जपून ठेवायच्या.

आता चुलींचं महत्त्व मला पटलं तो प्रसंग सांगते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जायला लागल्या की बर्फाच्या कारखान्यात झुंबड उडते. अशाच एका दुपारी तिथल्या कारकुनाने गडबडीत सगळ्या होड्यांचं बुकिंग पुसून टाकलं. बाहेर नाखवा लोक ओरडतायत, आत हा घामाघूम. मुकादमांनी चपला काढल्या, हात ठेवला, आणि बर्फाची चूल सकाळवर नेली. म्हणजे कारखान्याचा डेटाबेस सकाळच्या निखाऱ्यावरून परत उभा केला; हंगामात बर्फाचा बॅकअप ते सकाळीही घेत. दुपारची चार-दोन बुकिंगं पुन्हा विचारून घेतली, आणि होड्या गेल्या. त्याच वेळी, त्याच सर्व्हरवर, दवाखान्यातली परिचारिका रक्ताचे रिपोर्ट भरत होती. तिला पत्ताही लागला नाही. बर्फ सकाळवर गेला, दवाखाना दुपारवरच होता.

"येकच चूल असती तर?" मी विचारलं.

"तर दवाखाना पन सकाळवर गेला असता. समद्यांचा आज गेला असता गो, येकाचा काल आनायला."

हे पटूनही मी एकच डेटाबेस करा म्हणणाऱ्या सेक्रेटरींच्या बाजूची होते, आणि थोडी अजून आहे. एकाच पोराचं नाव, पत्ता, रक्तगट मी तीन ठिकाणी टायपायचे. त्यात आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एक आणि आजोबाचं नाव नातवाला. एकदा शाळेत एक मुलगी दम्याने कासावीस झाली. तिची सगळी माहिती दवाखान्याच्या चुलीत होती आणि शाळेच्या चुलीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगी वाचली, पण सेक्रेटरी हादरले. ते बंदरातून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी सभा बोलावली. वाशीहून सॉफ्टवेअरवाला आला आणि त्याने भिंतीवर चित्र दाखवलं. मधोमध एक गोल, त्यात लिहिलेलं 'माणूस', आणि त्या एका माणसाला शाळा, दवाखाना, बर्फ सगळे जोडलेले. तीन बॅकअप नकोत, तीनदा टायपिंग नको, मेमरीची उधळपट्टी नको. मी मनात टाळ्या वाजवल्या.

मुकादम शेवटी उठले.

"घरात मर्तिक झालं की चूल पेटवत न्हाईत," ते म्हणाले. "शेजारची चूल पेटती असती, तितून भाकर येती, म्हून मानूस जेवतो. तुमी समद्यांची येकच चूल केलीत, तर त्या दिवशी कोन कुनाला घास घालनार?"

सभेत हशा पिकला. सेक्रेटरी हसू आवरत म्हणाले, "अहो मुकादम, कॉम्प्युटरमध्ये कुठलं मर्तिक?"

मागच्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्याही हसल्या. मुकादम खाली बसले.

एकच डेटाबेस करायचं ठरलं, आणि ते काम मुकादमांनी स्वतः केलं. त्यात एक टाका सैल सोडला नाही. काम संपलं त्या दिवशी मात्र डबा उघडला नाही. "दोन चुली इझवल्या आज," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले. पुढचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. मला टायपिंग कमी झालं आणि मी ते त्यांना रोज ऐकवायचे.

दिवाळीची सुट्टी लागली त्या पहिल्याच सकाळी बाई गेल्या. छातीत दुखतं म्हणाल्या, रिक्षाने आमच्याच दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टर हात लावेपर्यंत सगळं संपलं होतं. परिचारिकेने रडत रडत, नियमाप्रमाणे, कॉम्प्युटरवर नोंद केली. मयत.

दुपारी स्मशानातून आल्यावर शाळेच्या मुख्याध्यापिका शाळेत गेल्या. बाईंनी आदल्याच दिवशी सहावीच्या सगळ्या मुलांचे शेरे लिहून ठेवले होते. मुख्याध्यापिकांची त्यावर सही व्हायची होती. त्यांना वाटलं, आज एवढं तरी करावं. त्यांनी पान उघडलं तर शेऱ्यांचे रकाने कोरे. त्यांनी मला बोलावलं, मी दवाखान्यातली नोंद उघडून पाहिली, आणि उलगडा झाला. नव्या व्यवस्थेत माणूस एकच होता. दवाखान्यात तो मिटला की सगळीकडे मिटायचा, आणि त्याचं सही न झालेलं लिखाण आपोआप पुसलं जायचं. चूक कुणाचीच नव्हती. एका घरात मर्तिक झालं होतं आणि सगळ्या घरांची चूल विझली होती.

सेक्रेटरी धावत आले. त्यांना मुकादमांचं सभेतलं बोलणं आठवलं असणार, कारण चेहरा उतरला होता. "कालचा बॅकअप आहे ना? मग कालवर जाऊ या. दवाखान्याचं आजचं काय ते पुन्हा हाताने भरू. बाईंचे शेवटचे शब्द आहेत ते." बॅकअपच्या कपाटाची चावी मुकादमांच्या करगोट्याला. मला त्यांच्या घरी पाठवलं.

घरात चूल थंड होती. शेजारून कडू घास आला होता, पिठलं आणि भात. मुकादम ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, पुढ्यात ताट. मी पाहिलं, त्यांनी भातावर पिठलं घेतलं होतं. कालवलं होतं, खाल्लं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"दवाखान्यात आज काय काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दोन बाळंतपणं. एकीला मुलगी, एकीला मुलगा. काही रक्ताचे रिपोर्ट."

"आनि?"

मी ओटीच्या पायरीवर बसले.

"आनि बाई," तेच म्हणाले. "कालवर गेलो तर ती दोन पोरं जल्मलीच न्हाईत."

"त्यांची नोंद परत करू, मुकादम. मी स्वतः करते."

"आनि बाईंची? ती पन परत कराया लागंल. कालच्यात बाई जित्ती हाय. तिला परत मयत कोन करनार? तू करशील?"

मला रडू फुटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"येकदा गेली त्ये पुरं झालं," ते म्हणाले. "जा तू. सांग, मुकादम न्हाय म्हनाला."

मी परत येऊन तसं सांगितलं. सेक्रेटरींनी पुन्हा विषय काढला नाही.

तेराव्यानंतर ते कामावर आले. शाळेला अजून सुट्टीच होती. चपला काढल्या, सर्व्हरवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग सेक्रेटरींना बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाई गेल्या त्या दिवसापासून शाळा बंद आहे. दवाखान्याला रोजचा आज आहे, बर्फाला आहे. शाळेला मात्र सुट्टीत आज नाहीच. म्हणून शाळेची तेवढी चूल वेगळी मांडली आणि ती त्या आदल्या दिवसाच्या निखाऱ्यावरून पेटवली, तर कुणाचंच काही जात नाही.

"करा मुकादम," सेक्रेटरी म्हणाले. "मला विचारूसुद्धा नका."

त्यांनी नवी इन्स्टन्स उभी केली, तिच्या वाटणीची मेमरी दिली, आणि जुना बॅकअप तिच्यात उतरवला. मी शेजारी बसून होते. पडद्यावर सहावीचा वर्ग आला आणि रकाने भरलेले दिसले. पहिला शेरा वाचला आणि मला पुढचे दिसेनात. 'बोलत नाही. विचारू नये. मार्चपर्यंत आपणहून बोलेल. पुढच्या बाईंनी एवढं सांभाळावं.' सुट्टी संपली, मुख्याध्यापिकांनी सह्या केल्या, पुस्तकं घरोघर गेली.

पण त्या चुलीत बाई गेलेल्या नव्हत्या. दवाखान्याच्या नोंदीचा तिथे आता संबंध नव्हता, आणि शाळेत कुणी वेगळी नोंद केली नाही. दर आठवड्याचं वेळापत्रक छापून यायचं त्यात सहावीच्या मराठीपुढं बाईंचं नाव असायचं. मुख्याध्यापिका त्यावर रेघ मारायच्या नाहीत. मुकाट्याने दुसऱ्या शिक्षिकेला पाठवायच्या. मुलंही काही बोलत नसत. मी मात्र नोकरीच्या नियमांना बांधलेली. एकदा धीर करून म्हटलं, "मुकादम, नोंद करायला हवी ना?"

"दवाखान्याच्या चुलीत हाय की नोंद. या चुलीला कशाला सांगतेस?"

मला हे बरोबर वाटत नव्हतं. जगाला हिशेब लागतो. आणि तरी सोमवारी वेळापत्रक छापून आलं की मी आधी सहावीचं मराठी बघायचे. नाव दिसलं की बरं वाटायचं. आपलंही डोकं ठिकाणावर नसावं अशी शंका यायची, पण बरं वाटायचं.

शेवटी तो दिवस आलाच. परीक्षा झाल्या, निकाल लागले, आणि मुलं वरच्या वर्गात चढवायची वेळ आली. पाचवी सहावीत गेली, सातवी आठवीत. सहावी हलेना. पडद्यावर ओळ यायची: वर्गशिक्षिकेची नोंद पूर्ण नाही. वर्गशिक्षिकेने स्वतः वर्ग सोपवायचा, नाही तर ती सेवेतून गेल्याची नोंद करायची, त्याशिवाय मुलं पुढे जात नव्हती. मुख्याध्यापिका स्वतः आमच्या खोलीत आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. दाराशीच उभ्या राहिल्या.

"मी करू का?" मी हळूच विचारलं. दिवाळीत जे करवलं नसतं ते आता मी केलं असतं.

"न्हाय," मुकादम म्हणाले. "पोरं तिची हायत. आडकून ऱ्हायली तर मला शिव्या घालील ती."

त्यांनी बाईंचं पान उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, सेवेतून जाण्याचं कारण. खाली यादी: बदली, निवृत्ती, राजीनामा, मृत्यू, इतर. बाण 'मृत्यू'वर गेला आणि तिथेच थांबला. बाहेर शाळेच्या मैदानात मुलं ओरडत होती. त्यांनी बाण खाली ओढला आणि 'इतर' निवडलं. त्यासरशी शेऱ्याचा रकाना उघडला.

उभ्या जन्मात त्यांनी शेरा लिहिला नव्हता, तो त्यांच्या बायकोचा प्रांत. ते रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहिलं, 'वेगळी चूल मांडली.'

मुख्याध्यापिकांनी पदर डोळ्यांना लावला. मुकादमांनी तो शेरा एकदा ओठ हलवत वाचला, शुद्धलेखन तपासल्यासारखा, आणि एंटर दाबलं. मुलं सातवीत गेली.